टांगा चाळीसगावचा, प्रश्न कौशल्याचा

२३ ऑक्टोबर १९२९. धुळ्याच्या वाटेवरील एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करून बाबासाहेब चाळीसगावला परतले. महारवाड्यातील लोकांच्या आग्रहामुळे रात्रीचा मुक्काम तिथेच होता. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा नाही. आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. टांगा हाकण्याचे काम त्याने कधी केलेले नव्हते. नदीच्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा टांग्यासकट नदीत कोसळला.

ही घटना आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. आम्हाला तिच्यात त्या लगाम धरणाऱ्याचे हातही दिसतात. ते हात अडाणी का राहिले?

बाबासाहेबांना हे आधीच उमगले होते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आणि वाचनालये होती, तशाच औद्योगिक व शेतकी शाळाही होत्या. आणि त्याच यादीत समाजाची गाऱ्हाणी मांडणे हेही होते. म्हणजे हुन्नर आणि हक्क एकाच संस्थेच्या घटनेत! आजच्या भाषेत ती स्वयंसेवी संस्थाच होती.

फेब्रुवारी १९३८ मध्ये खानदेशाच्या वेशीवर, मनमाडला, रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आपल्या माणसाच्या वाट्याला गँगमनचेच काम का येते? हमाल म्हणूनही त्याला घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाला घरकामाला लावतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. हे बाबासाहेबांनी तिथे उघड मांडले. इथे कौशल्याचा संबंधच कुठे आला? १९४२ च्या निवेदनात त्यांनी सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मागितली. म्हणजे शिकायचे ते थेट कामाच्या जागी, पगारी यंत्रावर.

आज जळगाव-धुळ्यात संस्था पोरांना शिवणकाम, वायरिंग, संगणक शिकवतात. शिकवू द्या, आमचा विरोध नाही. पण प्रमाणपत्र हातात ठेवून फोटो काढला की काम संपले, असे मानणाऱ्या संस्थेने सभेचा अर्धाच कार्यक्रम उचलला आहे. आडनाव ऐकून दुकानमालक नाही म्हणतो, तेव्हा संस्था कुठे असते?

आपल्या तालुक्यातील संस्थेला विचारा : मागच्या तुकडीतले किती जण कामाला लागले, कुठे, किती पगारावर? गाऱ्हाणे कोण ऐकतो? उत्तरे लिहून घ्या आणि ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमू, तेव्हा सोबत आणा.