सेंद्रिय दूध: नाव नवे, प्रश्न जुना

आमच्या आसेगावच्या गटांत एक प्रश्न नेहमी निघतो. सेंद्रिय दूध आणि साधं दूध यांत फरक काय? उत्तरासाठी थोडं मागं जाऊ.

आपल्या आजीच्या काळी गाय रानात चरायची, घरी कडबा खायची. वर्ध्याकडची गवळाऊ गाय अशाच चाऱ्यावर टिकली. त्या दुधाला कुणी सेंद्रिय म्हणत नव्हतं, पण दूध बेताचंच होतं. गाईची जोपासना सुधारावी म्हणून जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ काढला. शहरांना दूध पुरावं म्हणून १९४९ मध्ये मुंबईत आरे वसाहत झाली. १९७० मध्ये ‘दुधाचा महापूर’ योजना आली. संकरित गाई वाढल्या, दूध वाढलं, बायांच्या हाती दुधाचा पैसा आला. हे उपकार विसरू नये.

पण सोबत विकतची ढेप, फवारलेल्या पिकाचं कुटार आणि औषधांची इंजेक्शनंही गोठ्यात आली. म्हणून सेंद्रियचा विचार पुढं आला. त्यात चारा रासायनिक खत-फवारणीविना पिकवायचा, जनावराला मोकळं फिरू द्यायचं, औषध फक्त आजारातच द्यायचं. २०१७ च्या नियमांनुसार बाजारात ‘सेंद्रिय’ म्हणून विकायला प्रमाणपत्र लागतं. नुसती देशी गाय असली म्हणजे दूध सेंद्रिय होत नाही.

पोषणाचं काय? प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखीच. हिरव्या चाऱ्यावरच्या गाईच्या दुधात ओमेगा-३ ही चांगली चरबी जास्त असते.

खरी काळजी वेगळीच आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ नमुने तपासले. भेसळीनं घातक झालेले फक्त १२ निघाले, पण ५.७ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त होतं. हे बुरशी लागलेल्या ढेपेतून, चाऱ्यातून दुधात उतरतं आणि उकळूनही जात नाही. ढेप ओली राहिली, तर सेंद्रिय गोठ्यालाही हा धोका आहेच.

तेव्हा प्रमाणपत्र मिळेल तेव्हा मिळेल. आजपासून दोन गोष्टी पाळू. ढेप-कुटार कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवू. बुरशी दिसली तर फेकू. कासेच्या दगडीला इंजेक्शन दिलं, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीत घालायचं नाही, लेकरांनाही द्यायचं नाही. त्या दिवसांचं नुकसान एकटीवर पडू नये, याचा विचार गटानं बैठकीत करावा.