‘द पी-वी हर्मन शो’: मोठ्यांच्या मध्यरात्रीचा बालकार्यक्रम

‘द पी-वी हर्मन शो’ हा अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात १९८१ साली रंगमंचावर आलेला विनोदी प्रयोग होय. १९५० च्या दशकातील अमेरिकी दूरचित्रवाणीवरील बालकार्यक्रमांचे विडंबन हा त्याचा विषय. प्रेक्षक मात्र प्रौढ आणि प्रयोगाची वेळ मध्यरात्रीची. नट व विनोदकार पॉल रूबेन्स (१९५२–२०२३) हे त्याचे कर्ते आणि प्रमुख पात्र. पुढील तीस वर्षांत या एका प्रयोगातून चित्रपट निघाले, दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि अखेरीस ब्रॉडवेवर पुनरागमनही झाले. विडंबन म्हणून जन्मलेली ही गोष्ट काही वर्षांतच खराखुरा बालकार्यक्रम होऊन बसली, हे तिच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वळण आहे.

ज्या कार्यक्रमांचे हे विडंबन होते, त्यांची ओळख असल्याशिवाय त्यातील गंमत कळत नाही. ‘हाउडी डूडी’ (एनबीसी, १९४७–१९६०) या कार्यक्रमाचा नायक होता दोऱ्यांनी नाचणारा, ठिपकेदार गालांचा बाहुला. त्याच्यासोबत बफेलो बॉब स्मिथ हा सूत्रधार असे आणि ‘पीनट गॅलरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाकांवर मुले बसत. त्याच कार्यक्रमात मुका विदूषक रंगवणारे बॉब कीशन १९५५ पासून सीबीएसवर ‘कॅप्टन कांगारू’ झाले. घट्ट सूट घालून अखंड उड्या मारणारा पिंकी ली हाही त्याच काळातला. या साऱ्यांचा साचा बव्हंशी सारखाच असे: एक ठरलेले घर, दारावर थाप मारून येणारे शेजारी, बोलणाऱ्या बाहुल्या, मधेच एखादे व्यंगचित्र किंवा शिष्टाचार शिकवणारी फीत, आणि कॅमेऱ्याकडे पाहून मुलांशी साधलेला लाडिक संवाद. या कार्यक्रमांवर वाढलेली पिढी १९८० पर्यंत तिशीत पोहोचली होती. रूबेन्स स्वतः त्याच पिढीचे.

पी-वी हे पात्र मात्र मुलांसाठी जन्मलेच नव्हते. रूबेन्स १९७० च्या दशकात ‘द ग्राउंडलिंग्ज’ या उत्स्फूर्त अभिनय करणाऱ्या लॉस एंजेलिसमधील मंडळीत होते. विनोदी कलावंतांच्या क्लबात दिसेल असे एखादे पात्र उभे करा, असा सराव तेथे एकदा चालला होता. रूबेन्स यांना विनोदाचा शेवट कधीच लक्षात राहत नसे. म्हणून त्यांनी ज्याला विनोद सांगताच येत नाही असा विनोदवीर उभा केला. मंडळीचे संस्थापक गॅरी ऑस्टिन यांचा आखूड, राखाडी सूट त्यांनी अंगावर चढवला. लाल बो-टाय, पांढरे बूट, पावडर लावलेला चेहरा आणि नाकात घुमणारे हसणे यांनी पी-वी पूर्ण झाला. तो मूल की मोठा माणूस, हा प्रश्न मुद्दामच अनुत्तरित ठेवलेला होता.

१९८० मध्ये रूबेन्स यांनी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी चाचणी दिली. निवड झाली नाही. त्या चिडीतून त्यांनी पैसे उसने घेतले आणि स्वतःचाच प्रयोग उभा करण्याचे ठरवले. फिल हार्टमन, जॉन पॅरागॉन, लिन मरी स्टुअर्ट, ईडी मॅक्लर्ग हे ग्राउंडलिंग्जमधील सहकारी पात्रे घेऊन सोबत आले. भूमितीच्या वेड्यावाकड्या आकारांनी भरलेले पी-वीचे घर रचले गॅरी पँटर यांनी. हे मूळचे चित्रकार, पंक चळवळीच्या व्यंगचित्रांतून पुढे आलेले. पन्नाशीतल्या दूरचित्रवाणीची गोड गुळगुळीत सजावट त्यांच्या हातात पडताच जरा भयावहही झाली. ग्राउंडलिंग्जच्या छोट्या नाट्यगृहातून प्रयोग सनसेट बुलेव्हार्डवरील ‘द रॉक्सी’ येथे गेला आणि तेथे पाच महिने तिकीटबारीवर गर्दी राहिली.

कथानक म्हणावे तर अगदी क्षुल्लक. पी-वीला उडायचे आहे. पेटीत नुसते मुंडके असलेला जाम्बी नावाचा जिन एक इच्छा पूर्ण करू शकतो. पण पी-वी ती स्वतःसाठी न मागता मिस इव्हॉनला कॅप्टन कार्लचे प्रेम मिळावे म्हणून खर्च करतो. शेवटी त्यालाही उडायला मिळतेच. मधल्या वेळात टेरी नावाचे टेरोडॅक्टिल, बोलके घड्याळ, टपालवाला, शेजारीण अशी वर्दळ चालू असते. भोजनगृहात नीट कसे वागावे हे शिकवणारी जुनी शालेय फीतही, मिस्टर बंगल नामक वाह्यात बाहुल्यासह, जशीच्या तशी दाखवली जाई. विडंबनकाराने तिच्यात काहीच भर घालायची गरज नव्हती.

मोठ्यांसाठीचा मजकूर आडवाटेने येई. पी-वी बुटांवर आरसे लावून स्त्रियांच्या झग्याखाली डोकावण्याचा प्रयत्न करतो. आज हा प्रसंग खटकतो, आणि खटकायलाच हवा. द्व्यर्थी बोलणेही भरपूर. परंतु रूबेन्स यांनी पी-वीला या सगळ्याचे भान कधीच दिले नाही. प्रेक्षक हसत तो दुसऱ्या अर्थाला. पात्र मात्र पहिल्याच अर्थाशी प्रामाणिक राही. डोळा मिचकावून आपण यापेक्षा शहाणे आहोत असे सुचवणारे विडंबन तेव्हाही पुष्कळ होते. हे तसे नव्हते. म्हणूनच मध्यरात्रीच्या प्रयोगांच्या जोडीला रॉक्सीत आठवड्यातून एकदा दुपारचा प्रयोग लहान मुलांसाठी होऊ शकला. सप्टेंबर १९८१ मध्ये एचबीओने प्रयोगाचे चित्रीकरण दाखवले आणि पी-वी देशभर पोहोचला.

१९८५ साली ‘पी-वीज बिग ॲडव्हेंचर’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक टिम बर्टन यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यानंतर सीबीएसने शनिवार सकाळसाठी मालिका मागितली. ‘पी-वीज प्लेहाउस’ १९८६ मध्ये सुरू झाली आणि पाच पर्वे चालली. जाम्बी, टेरी, मिस इव्हॉन तेच राहिले, पँटर यांच्या घराला अधिक रंग चढले, बुटांवरचे आरसे गेले. प्रत्येक भागात एक गुप्त शब्द ठरलेला असे. तो कोणी उच्चारला की घरातल्यांसह पाहणाऱ्या मुलांनीही किंचाळायचे. ज्या कॅप्टन कांगारूची नक्कल करून सुरुवात झाली, त्याच वाहिनीवर त्याचाच वारसा असा चालू झाला.

या यशाची एक किंमत होती. रूबेन्स त्या वर्षांत मुलाखतींनाही पी-वीच्या वेषातच जात. श्रेयनामावलीत पी-वीची भूमिका पी-वीच करतो असे लिहिलेले असे. १९९१ च्या जुलैत फ्लोरिडातील सरासोटा येथे प्रौढांच्या चित्रपटगृहात अश्लील वर्तनाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली, तेव्हा वृत्तपत्रांत छायाचित्र आले ते लांब केस व दाढी असलेल्या एका अनोळखी माणसाचे. मालिकेचे चित्रीकरण आधीच संपले होते. सीबीएसने पुनःप्रक्षेपणही थांबवले. नटाला स्वतःचा चेहराच नव्हता, त्यामुळे दोष थेट पात्राच्या माथी गेला.

बालदूरचित्रवाणीचे रंगमंचीय विडंबन पुढे वेगळ्या वाटेने फळाला आले. २००३ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘अव्हेन्यू क्यू’ या संगीतिकेने ‘सेसमी स्ट्रीट’ची (भारतीय प्रेक्षकांना ती ‘गली गली सिम सिम’ म्हणून परिचित) ढब उचलून बेकारी, वंशभेद, भाडेकरूंचे हाल यांवर बाहुल्यांना गायला लावले आणि २००४ चा सर्वोत्तम संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळवला. तिच्यातील काही बाहुलीकार ‘सेसमी स्ट्रीट’वरच काम केलेले होते. तेथे मात्र प्रौढपण उघड आहे. पी-वीचा संदिग्धपणा नाही.

‘द पी-वी हर्मन शो’ २०१० च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये ब्रॉडवेवरील स्टीफन साँडहाइम थिएटरात पुन्हा उभा राहिला. पॅरागॉन आणि स्टुअर्ट आपापल्या जुन्या भूमिकांत होते. १९९८ साली मारले गेलेले हार्टमन नव्हते. रूबेन्स तेव्हा ५८ वर्षांचे होते. सभागृहात आता ‘हाउडी डूडी’ आठवणारे थोडे आणि लहानपणी शनिवारी सकाळी ‘प्लेहाउस’ पाहिलेले पुष्कळ होते. गुप्त शब्द आला की हे तिशीतले प्रेक्षक कोणी न सांगता किंचाळत.