गुराब: कावळा की शेवंड?

बोईसरहून तारापूरला गेलं की खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीज अमलातला किल्ला लागतो. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला, मराठा सरदार बाजी भिवराव तिथेच पडले आणि मे महिन्यात वसई आली. हा इतिहास पाठ्यपुस्तकातही सापडतो. मला झपाटलंय ते त्या काळी या किनाऱ्यावर वावरणाऱ्या एका जहाजाच्या नावाने: गुराब.

आंग्र्यांच्या आरमाराची मदार गुराबांवर होती. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. तिला पाणी थोडं पुरे. खरी पाहण्यासारखी तिची नाळ: पुढे लांब निघालेली चोचच. मागच्या आडभिंतीतल्या भोकांतून दोन तोफा रोखलेल्या असत आणि गोळे त्या चोचीवरून सुटत. समोरून आलेली लाट चोचीवरच फुटून निथळायची, आत शिरत नसे. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबेला ओढून नेत.

इंग्रजांनी तिची 'ग्रॅब' केली. शब्द अरबी 'घुराब'वरून आला, म्हणजे कावळा. डांबर फासलेलं काळं अंग, त्यात ती चोच. कोशकार सहसा इथेच थांबतात. मला ते पटत नाही. दर्यावर्दी नाव आधी उचलतात, अर्थ मागाहून चिकटतो. दुसरा पक्ष थेट ग्रीक 'काराबोस'पर्यंत जातो: अर्थ शेवंड, आणि हलकी होडीसुद्धा. तोच शब्द लॅटिनमार्गे पोर्तुगालात 'काराव्हेला' या जहाजाचं नाव झाला. हे खरं असेल, तर पोर्तुगिजांची काराव्हेला आणि आंग्र्यांची गुराब चुलत बहिणी ठरतात!

अडचण एकच, पण भारी. ग्रीक 'क' अरबीत सहसा 'क़' होतो, आणि काराबोसवरूनच आलेला मानतात तो 'क़ारिब', म्हणजे होडी, अरबीत आहेच. मग हा 'घ' कुठला? माझं म्हणणं असं: शब्द दोन बंदरांतून दोनदा आला. दुसऱ्या खेपेला ऐकणाऱ्यांना त्यात ओळखीचा कावळा ऐकू आला आणि उच्चार तिकडे झुकला. म्हणजे शेवंड आधी, कावळा नंतर.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली इंग्रजांच्या माऱ्याने तुळाजी आंग्र्यांचं आरमार गुराबांसकट जळालं, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. ही चूक मला अक्षम्य वाटते.

तारापूर, दांडी, मुरबे, सातपाटीच्या कुणा जुन्या नाखवाच्या तोंडी 'गुराब' अजून असेल, तर तो कोणत्या होडीला तसं म्हणतो ते गावाच्या नावासकट लिहून ठेवा.