‘ओरिजिनल’ जीप म्हणजे नेमकी कधीची?

जुनी लष्करी जीप विकत घेऊन ती ‘ओरिजिनल’ करण्याचे रील आपण सगळ्यांनी पाहिलेत. आधी गंजलेला सांगाडा, मग खरवडून साफ केलेली चासी, ऑलिव्ह हिरवा रंग आणि शेवटी बॉनेटवर पांढरा तारा. तीस सेकंदांत १९४४ साल परत येतं. खाली कमेंट्समध्ये आगीच्या इमोजींची रांग.

हा छंद मलाही मनापासून आवडतो. पण सॉफ्टवेअरवाल्याची एक खोड असते. कुणी ‘मूळ स्थितीत आणलं’ म्हणालं की आपण विचारतो, मूळ म्हणजे कुठलं व्हर्जन? जीपच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की तो छंदापुरता राहत नाही.

सुरुवात जुलै १९४० पासून करू. युरोपात फ्रान्स पडला होता आणि अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी छोटी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी तातडीने हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. अटी जवळपास अशक्य होत्या. वजन १३०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ५९० किलोंच्या आत आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. खऱ्या अर्थाने पुढे आली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची ‘अमेरिकन बँटम’ नावाची डबघाईला आलेली छोटी कंपनी. तिने डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोनेक दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी बाल्टिमोरच्या होलाबर्ड तळावर पोचली. वजनाची अट मात्र कुणालाच पाळता आली नाही. युद्धात धावलेली जीप हजार किलोंच्या वरच होती.

पुढची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही कारकुनाला ओळखीची वाटेल. बँटमचा कारखाना लहान. लष्कराने तिचे आराखडे विलिज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवले. विलिजकडे बार्नी रूसने सुधारलेलं ६० अश्वशक्तीचं दणकट इंजिन होतं, म्हणून मुख्य कंत्राट विलिजला गेलं. विलिजलाही एकटीला पुरं पडेना, म्हणून त्याच आराखड्यावर फोर्डने उत्पादन सुरू केलं. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला २७०० च्या आसपास आल्या, नंतर जीपमागे जोडायचे ट्रेलर. जीप एकट्या आपणच निर्माण केली, हा विलिजचा दावा १९४८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अमान्य केला. तोवर बँटमला त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

म्हणजे जन्मापासूनच या गाडीला तीन आया. विलिजच्या गाडीचं नाव ‘एमबी’, फोर्डच्या गाडीचं ‘जीपीडब्ल्यू’. दोन्हींचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत ही लष्कराची अट होती. तरी फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, छोटासा ‘एफ’ ठोकला. आज जगभरचे शौकीन हे ‘एफ’ शोधत मिळेल त्या किमतीला बोल्ट विकत घेतात, कारण त्यांना शंभर टक्के फोर्ड हवी असते. गंमत अशी, की युद्धात अशी शुद्धता कुणी पाळलीच नाही. दुरुस्तीच्या तळावर हाताला लागेल तो भाग लावून गाडी आघाडीवर परत जाई. फोर्डची चासी आणि विलिजचं इंजिन असलेली जीप ही भेसळ मानली जाते. पण मला विचाराल तर युद्धाशी सगळ्यात इमानदार तीच.

आता खरेदीकडे वळू. अमेरिकेत अनेक दशकं एक दंतकथा फिरत होती की पेटीत बंद, ग्रीस लावलेली कोरी जीप फक्त ५० डॉलरला मिळते. मासिकांच्या मागच्या पानांवर तशा जाहिराती यायच्या. पैसे पाठवले की हातात पडायची ती सरकारी लिलावात भाग कसा घ्यायचा याची माहिती. जहाजातून पाठवताना जीप खरोखरच पेट्यांत भरत असत, त्यामुळे लोकांना ते खरं वाटे. व्हॉट्सअॅप नव्हतं, पण फॉरवर्ड होतेच.

आपल्याकडची लष्करी जीपची सगळ्यात गाजलेली खरेदी मात्र कुणा शौकिनाने केलेली नाही. ती भारत सरकारने केली. १९४८, काश्मीरचं युद्ध चालू, सैन्याला गाड्यांची निकड. लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी फर्मशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. जीप नव्या नव्हत्या, वापरून दुरुस्त केलेल्या होत्या. हातात पडल्या १५५, आणि त्याही चालवण्यालायक नव्हत्या. हाच तो ‘जीप घोटाळा’, स्वतंत्र भारतातला पहिला मोठा संरक्षण खरेदी घोटाळा. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. १९५७ मध्ये मेनन मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले आणि देशाचे संरक्षणमंत्री झाले. ‘रिस्टोअर केलेली आहे, बिनधास्त घ्या’ असं कुणी म्हणालं की मला या १५५ जीप आठवतात.

त्याच सुमारास मुंबईत वेगळं काही घडत होतं. १९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. विलिजकडून सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात झाली आणि हळूहळू भागही इथेच बनू लागले.

इथून पुढची जीप तुमच्या-माझ्या घरातली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ‘बीडीओची जीप’ हा शब्द गावागावांत पोचला. निवडणुकीत हीच जीप कर्णे बांधून फिरली, दुष्काळात साहेबांना घेऊन आली. जीप सरकारी सेवेतून निघाली की लिलावात कुणीतरी घ्यायचं, पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवायचं, मागे बाकडी टाकायची. पश्चिम महाराष्ट्रात जीपमध्ये दाटीवाटीने चालणाऱ्या या प्रवासाला आपण ‘वडाप’ म्हणतो. एसटी न पोचणाऱ्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवरून आजारी माणूस तालुक्याला पोचला तो वडापमुळे.

म्हणून आज बाजारात ‘दुसऱ्या महायुद्धातली विलिज’ म्हणून दाखवली जाणारी गाडी नीट बघायला हवी. युद्धातल्या जीपच्या दर्शनी पत्र्याला नऊ उभ्या खाचा असतात, युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. (अगदी सुरुवातीच्या विलिजना तिथे लोखंडी पट्ट्यांची जाळी होती.) युद्धातल्या जीपला मागे उघडणारं फळकं नसतं आणि स्टेपनी मागे असते. बॉनेट उंच असेल तर ती १९५३ मध्ये आलेली सीजे-३बी किंवा तिचं इथलं भावंड, म्हणजे महायुद्धाशी तिचा काही संबंध नाही. डाव्या बाजूचं स्टिअरिंग हा पुरावा नव्हे, इथे बनलेल्या जीपनाही ते असायचं आणि मागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं ठळक रंगवलेलं असे.

कायदाही ‘मूळ रूप’ म्हणतो. २०२१ पासून केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मोठे बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि रोज चालवायला परवानगी नाही. कंपनीने दिलेल्या रचनेत वाटेल तसे बदल करता येणार नाहीत, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण या चौकटीत वडापची जीप कुठेच बसत नाही. बदललेलं इंजिन, वाढवलेली बाकडी, लांबी भरून सरळ केलेला पत्रा, हे सगळं कायद्याच्या लेखी बिघाड आणि शौकिनाच्या लेखी घाण.

माझा आक्षेप इथे आहे. महिंद्रच्या कारखान्यातून निघालेल्या, बीडीओने वापरलेल्या, नंतर तीस वर्षं घाटात माणसं वाहिलेल्या गाडीवर आपण अमेरिकेचा पांढरा तारा रंगवतो, तेव्हा आपण इतिहास परत आणत नाही. खरा इतिहास खरवडून काढून त्या जागी सिनेमातला चिकटवतो. सोर्स कोडमध्ये जुना कमिट शोधणं वेगळं आणि मधली सगळी हिस्टरी उडवून दुसऱ्याच प्रोजेक्टचा कोड टाकणं वेगळं.

मग जीप सुधारूच नये का? जरूर सुधारावी. ब्रेक, स्टिअरिंग, पाटे यांत तडजोड नको. गंजलेला पत्रा बदलावाच लागतो. पण खरवडण्याआधी फोटो काढा. रंगाचे थर मोजा. खालच्या थरात एखाद्या खात्याचं नाव सापडेल, ते टिपून ठेवा. आरसी बुकातल्या आधीच्या मालकांना भेटा, तिला ज्याने वाढवलं तो मिस्त्री हयात असेल तर त्याच्याशी बोला. बाकडी काढणार असाल तर भंगारात देऊ नका. आणि गाडी खरंच युद्धातली असेल तरच तारा रंगवा.

युद्धातल्या जीपची संग्रहालयं जगात भरपूर आहेत. बोल्टवरचा ‘एफ’ जपणारे हजारो लोक आहेत. वडापच्या जीपची कहाणी जपणारं कुणी नाही, आणि ती चालवणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.