हास्केलच्या ‘नम’चं कूळ

हास्केल या फंक्शनल भाषेत सदिशांची बेरीज नेहमीच्या अधिक चिन्हाने करायची, तर सदिश ‘नम’ या टाइपक्लासमध्ये, म्हणजे ठरावीक क्रिया पुरवणाऱ्या प्रकारांच्या गटात, बसवावा लागतो. मग बेरजेसोबत गुणाकार, केवल मूल्य, धन-ऋण सांगणारं ‘सिग्नम’, पूर्णांकावरून नवं मूल्य घडवणारं ‘फ्रॉमइंटिजर’ हेही त्याच्या गळ्यात पडतं. सदिश धन की ऋण, हा प्रश्नच निरर्थक आहे. त्यामुळे ही रचना गणिताची जाण नसलेल्यांनी केली, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो.

मुळात अडचण होती ती एकच क्रियाचिन्ह अनेक प्रकारच्या संख्यांना लावण्याची. स्टँडर्ड एमएल या भाषेत ३ गुणिले ३ चालायचं, ३.१४ गुणिले ३.१४ही चालायचं, पण दोन्हींना लागू पडेल असं संख्येचा वर्ग काढणारं एकच फंक्शन लिहिता येत नसे. मिरांडा या भाषेने सगळ्या संख्या एकाच प्रकारात कोंबून प्रश्न टाळला. फिलिप वाडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९च्या निबंधात टाइपक्लास हा उपाय मांडला. त्यांच्या ‘नम’मध्ये तीनच क्रिया होत्या: बेरीज, गुणाकार आणि चिन्ह उलटवणं. बीजगणितातल्या वलयाच्या (रिंग) हे किती जवळ आहे! १९९०च्या पहिल्या हास्केल अहवालात मात्र यादी वाढलेली दिसते. त्यातल्या संख्याप्रकारांवर कॉमन लिस्प आणि स्कीम यांचा मोठा प्रभाव होता. पूर्णांक, दशांश, गुणोत्तर, संमिश्र संख्या या साऱ्यांना केवल मूल्य असतं, म्हणून ते आत आलं असावं. सदिश त्या पंक्तीत नव्हताच. भागाकार मात्र जाणूनबुजून बाहेर ठेवला. पूर्णांकांसाठी तर दोन भागाकार दिले: उणे ७ ला २ ने भागताना ‘डिव्ह’ उणे ४ देतो, ‘क्वॉट’ उणे ३. इतका बारकावा पाळणाऱ्यांना अडाणी कसं म्हणायचं?

मग थेट वलयाचे नियमच का घातले नाहीत? कारण दशांश संख्या संगणकात ते पाळत नाहीत. ०.१ आणि ०.२ यांच्या बेरजेत ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येतं; ०.२ आणि ०.३ आधी मिळवले तर ०.६. रोजच्या हिशेबातल्या संख्यांनाच बाहेर ठेवणारा टाइपक्लास कोणाच्या कामाचा? तरीही नुसत्या बेरजेचा स्वतंत्र टाइपक्लास हवा होता, ही तक्रार रास्तच आहे. दुरुस्ती अशक्य नसते: ‘नम’च्या प्रत्येक सभासदाची समानता तपासता आलीच पाहिजे ही अट जीएचसी या कंपायलरने २०१२मध्ये काढली, आणि फंक्शनांनाही संख्यांसारखं वागवायची वाट मोकळी झाली. पण केवल मूल्य काढलं, तर ‘नम’च्या भरवशावर ते वापरणारे जुने प्रोग्रॅम कंपाइल होणार नाहीत, म्हणून सदिश लिहिणाऱ्याला ते अजून पुरवावंच लागतं.