पवित्र वेश्याव्यवसाय, प्राचीन इस्राएलमधील
प्राचीन इस्राएलच्या धर्मात उपासनेचे अंग म्हणून शरीरसंबंध किंवा शरीरविक्रय होत असे की नाही, याविषयीचा विद्वानांमधील वाद. प्रथेचे अस्तित्व मानणारे अभ्यासक बायबलच्या अनुवाद २३ व होशेय ४ या अध्यायांतील ‘कदेशा’ (शब्दशः ‘वाहिलेली स्त्री’) या हिब्रू संज्ञेवर भिस्त ठेवत, ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात केलेले बॅबिलोनमधील अशाच चालीचे वर्णन त्यांनी कनानी धर्मालाही लावले आणि मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरच्या सुफलनविधींच्या उपपत्तीने त्या मताला बळ मिळाले. हा पाया कच्चा आहे, कारण हेरोडोटस परका निरीक्षक होता आणि प्राचीन सिरियातील उगारित या नगराच्या याद्यांत सजातीय संज्ञा केवळ देवस्थानाच्या सेवकवर्गासाठी येते. बायबलच्याच उत्पत्ती ३८ मध्ये यहूदाची सून तामार हिला ‘कदेशा’ आणि सामान्य वेश्या अशा दोन्ही संज्ञा लावल्या आहेत, हा प्रथावाद्यांचा सर्वांत भक्कम आधार असला, तरी यहूदाशी तिच्या समागमाचा तो प्रसंग वाटेवर घडतो, देवळात नव्हे. कारेल व्हॅन डर टोर्न यांनी १९८९ मध्ये नवसाची रक्कम उभारण्यासाठी स्त्रिया शरीरविक्रय करीत असाव्यात असे सुचविले, तर स्टेफनी बुडिन यांनी २००८ मध्ये सबंध प्राचीन जगासाठीच ही प्रथा मिथक ठरवली.