युक्रेनियन भाषेचा भविष्यकाळ : एका प्रत्ययाची साक्ष

१/ १८६३ साली रशियन साम्राज्याचे गृहमंत्री प्योत्र वालुयेव यांनी एक गुप्त परिपत्रक काढले. वेगळी ‘लहान रशियन’ भाषा कधी नव्हती, आज नाही आणि पुढेही असू शकत नाही. सामान्य लोक बोलतात ती पोलंडच्या प्रभावाने बिघडलेली रशियनच होय, असे मत त्यात नमूद होते. त्याच्या आधारे युक्रेनियनमधील धार्मिक, शालेय आणि लोकशिक्षणपर पुस्तकांची छपाई रोखली गेली.

२/ हा दावा तपासण्यासाठी युक्रेनियन क्रियापदाचा भविष्यकाळ पाहणे उद्बोधक ठरते. या भाषेत तो तीन प्रकारे साधला जातो. क्रिया पूर्ण होणार असेल तर ‘नापिशु’, म्हणजे ‘लिहून टाकीन’. क्रिया चालू राहणार किंवा वारंवार होणार असेल तर ‘बुदु पिसाति’. यात ‘असेन’ आणि ‘लिहिणे’ असे दोन शब्द येतात. याच दुसऱ्या अर्थाचे तिसरे, एकशब्दी रूप म्हणजे ‘पिसातिमु’.

३/ पहिले दोन प्रकार रशियन आणि पोलिश या दोन्ही भाषांत आहेत. तिसरा मात्र प्रमाण रशियनमध्येही नाही आणि पोलिशमध्येही नाही. मग तो आला कोठून?

४/ मध्ययुगीन कीव्ह राज्याच्या लेखनभाषेत भविष्य सांगण्यासाठी साहाय्यक क्रियापदे वापरली जात : ‘इच्छिणे’, ‘आरंभणे’ आणि ‘घेणे’. यातील ‘घेणे’चे रूप ‘इमु’. मराठी माणूस ‘लिहायला घेतो’ म्हणतो, तेव्हा आरंभाचा जो भाव व्यक्त होतो, तोच येथे पुढे भविष्यकाळात स्थिरावला. ‘पिसाति’ला ‘इमु’ जोडले गेले आणि ‘पिसातिमु’ घडले.

५/ पुरुष व वचनानुसार हा शेपटाचा भागच बदलतो : पिसातिमु (लिहीन), पिसातिमेश (लिहिशील), पिसातिमे (लिहील), पिसातिमुत् (लिहितील). एके काळच्या स्वतंत्र क्रियापदाची रूपे अशी प्रत्ययात टिकून आहेत.

६/ स्वतंत्र शब्द झिजून प्रत्यय होणे ही भाषांच्या इतिहासातील परिचित घटना आहे. हिंदीतील ‘करेगा’मधील ‘गा’ संस्कृत ‘गत’पासून आला, फ्रेंच भविष्यकाळाचे प्रत्यय लॅटिनमधील ‘जवळ असणे’ या क्रियापदापासून घडले.

७/ युक्रेनियनमध्ये तर या प्रवासाची आधीची पायरी आजही ऐकू येते. कार्पेथियन पर्वतातील हुत्सूल लोकांच्या आणि गॅलिसियाच्या बोलींत ‘मु’ सुटा राहून क्रियापदाच्या आधीही येतो : ‘मु रोबिति’, म्हणजे ‘करीन’.

८/ उलट, रशियनशी सामाईक असलेली ‘बुदु पिसाति’ ही रचनाच नंतरची आहे. कीव्हकालीन भाषेत ‘बुदु’ भूतकाळी कृदंताबरोबर येई आणि ‘केलेले असेन’ असा अर्थ देई.

९/ केवळ एका प्रत्ययावरून भाषेचे स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. परंतु ‘बिघडलेली रशियन’ हे वर्णन खोडून काढण्यास तो पुरेसा बोलका आहे. जे रूप ना रशियनच्या व्याकरणात, ना पोलिशच्या, ते त्या दोहोंच्या भेसळीतून निपजणार कसे?

१०/ १८७६ च्या एम्स फर्मानाने बंदी आणखी कडक झाली. साम्राज्याबाहेर, ऑस्ट्रियाच्या अमलाखालील ल्विव शहरात युक्रेनियन छपाई चालू राहिली. गावोगावच्या बोलण्यावर तर कोणतेही फर्मान चालणारे नव्हते. ज्या भाषेला भविष्यच नाही असे परिपत्रकाने ठरवले होते, तिच्यात भविष्यकाळाची तिन्ही रूपे आजही नांदत आहेत.